गुलाबी सायकल आणि माझे हात

लेकीची सायकल मी सुंदर करायला घेतली, तेव्हा ती उत्तम चालत होती. अडचण फक्त रंगाची. "मम्मा, पिंक इज फॉर बेबीज!" म्हणून शेरिल वर्षभर तिला शिवलीच नव्हती. आणि आता शुक्रवारी सगळ्या मैत्रिणी इथल्या, आखातातल्या अल हैलच्या किनाऱ्यावर सायकली घेऊन निघणार होत्या!

"नवीन घेऊ या," माझा नवरा फ्रान्सिस म्हणाला.

"कशाला? जुना रंग घासायचा, नवा मारायचा, खलास!" (मी एक व्हिडिओ पाहिला होता. अर्धा.)

जवळच्या सीबच्या बाजारातून घासायचे खरखरीत पॅड आणले आणि बाल्कनीत बैठक मारली. रंग माझ्या केसांत गेला, नाकात गेला, खालच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला. सायकलवरून तेवढा जाईना! संध्याकाळी दंड भरून आले, पण लोखंड चांदीसारखं चमकलं.

"आता लगेच प्रायमर मार," फ्रान्सिस म्हणाला.

"उद्या. आज मला चमचासुद्धा उचलवत नाही."

आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. खारी दमट हवा रात्रभर बाल्कनीत. सकाळी बघते तो सायकलवर तांबूस गंज!

"मम्मा, ऑरेंज पण... मला नको आहे," शेरिल म्हणाली.

पुन्हा घासायला बसले, तर एक पॅड गायब. स्वयंपाकघरात फ्रान्सिस मोठ्या अभिमानाने भांडी घासत होता.

"तुझ्या तव्याचं काळं काही केल्या निघत नव्हतं. शेवटी काढलंच बघ!"

"अरे देवा, फ्रान्सिस! तो नॉनस्टिक होता!"

"मग प्रायमर मारू या का?"

मी गंज काढला, त्याच दमात प्रायमर मारला, वर काळा रंग दिला. शुक्रवारी सकाळी सायकल खाली नेली. चादरीवाल्या बाईसुद्धा बघायला आल्या. शेरिल ऐटीत बसली, पॅडल मारलं आणि गुडघे हँडलला आपटले!

"मम्मा, सायकल छान आहे. पण... मी मोठी झाली."

इतकं घासलं, पण लेकीला एकदा सीटवर बसवून बघावं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं!

फ्रान्सिसने गाडीची किल्ली घेतली. दुकानात त्याने शेरिलला विचारलं, "बोल बाळा, कोणता रंग घ्यायचा?"

एरवी मराठीत दोन शब्दांवर अडखळणारी माझी लेक एका दमात म्हणाली, "आईला घासून काढता येणार नाही असा!"