वडील हयात असताना

कळंबच्या शाळेत दर सव्वीस जानेवारीला झेंडा चढला की अण्णा बोलायला उभे राहायचे, अन् मी मनात म्हणायचे, झालं, आली परत वकिली! अण्णा म्हणजे माझे वडील. त्याच शाळेत गुरुजी होते. भाषण वर्षानुवर्षं एकच, देशाच्या पहिल्या राष्ट्रपतींच्या आयुष्याचं. खेड्यातला जन्म, जोरात चाललेली वकिली, देशानं हाक मारली तशी ती सोडली, मग तुरुंग, सुटले की पुन्हा तुरुंग, घटना तयार होताना अध्यक्षाची खुर्ची आणि शेवटी राष्ट्रपतिभवन. 'वकिली सोडली' म्हणताना अण्णांचा आवाज दर वर्षी त्याच जागी कापायचा. पोरी तोंड दाबून हसायच्या, अन् मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आवाज का कापतो, ते आईनं एकदा भाकरी थापता थापता सांगितलं. माझे आजोबा, आबा, लोहाऱ्याला राहायचे, निजामाच्या कचेरीत पेशकार होते. अण्णांना त्यांनी उर्दूतून वकिलीला घातलं होतं. परीक्षा तोंडावर आली अन् अण्णा पुस्तकं टाकून सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले, निजामाविरुद्ध लढायला. पोरगा बंडखोर निघाला म्हणून आबांची नोकरी गेली. निजाम गेल्यावर अण्णा छाती काढून घरी गेले, तर आबांनी दारातच अडवलं. "त्या मोठ्या माणसानं सवताची कमाई सोडली," ते म्हणाले. "तू माझी सोडलीस." त्यानंतर बापलेकांत बोलणं नाही, जाणं-येणं नाही. मी आबांना पाहिलंसुद्धा नव्हतं.

पुढं राष्ट्रपती निवृत्त झाले. एवढा मोठा वाडा सोडून आपल्या मुलखात, आश्रमात राहायला गेले. अण्णांनी ती बातमी आईला दोनदा वाचून दाखवली. "बघ, माणूस घरी परतला," म्हणाले. त्याच संक्रांतीला त्यांनी आत्याच्या हाती आबांसाठी तिळगूळ धाडला. आबांनी तो खाल्ला! वर निरोप दिला, पाडव्याला येतो म्हणून. आईनं त्या दिवसापासून घर सारवायला घेतलं ते थांबेचना. मी सगळ्या वर्गाला सांगून टाकलं की माझे आजोबा येणारेत.

पाडवा तोंडावर आला असताना ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी आली. माजी राष्ट्रपती गेले. अण्णा जेवले नाहीत. सकाळी उठून नाभिकाकडं गेले अन् डोकं, मिशी, सगळं उतरवायला सांगितलं. नाभिक मागं सरकला. "गुरुजी, वडील हायत ना तुमचे? बाप असताना मिशीला वस्तरा लावत न्हाईत."

"तेही वडीलच," अण्णा म्हणाले. "तू कर."

घरी आले तेव्हा आईच्या हातातलं ताट खाली पडलं. "अहो, हे काय करून बसलात? आबा धडधाकट हायत की हो!" ती कधी अण्णांवर ओरडली नव्हती. त्या दिवशी ओरडली. अण्णा समजावत राहिले, सुतक मनाचं असतं, देशाचा बाप गेला. मला तर त्या राष्ट्रपतींचा भयंकर राग आला. गेलेल्या माणसाचा राग धरू नये, पण आला.

बाजाराला लोहाऱ्याचा एक आडत्या आला होता. त्यानं अण्णांचं बोडकं डोकं पाहिलं, आबाच गेले असं समजून काही विचारलं नाही, अन् परत जाऊन आबांना ओसरीवर बसलेलं बघून तो दचकलाच. आबांनी खोदून विचारलं, तेव्हा त्यानं पाहिलेलं सगळं सांगून टाकलं. आबा पाडव्याला आले नाहीत. मी दिवसभर गुढीखाली बसून रस्त्याकडं बघत होते. आईनं संध्याकाळी आबांच्या वाटणीची पुरणपोळी मला दिली. मला ती गिळेना.

त्यानंतर चार दिवसांतच एस.टी.च्या कंडक्टरकडून निरोप आला. आबा गेले.

लोहाऱ्याच्या घराचा उंबरा अण्णांनी ओलांडला तो असा. आबांना मी पहिल्यांदा पाहिलं, ते डोळे मिटलेले. आत्या अण्णांच्या गळ्यात पडून म्हणाली, "पाडव्याचं धोतर काढून ठेवलं होतं रे त्यांनी. तुझं कळलं अन् परत घडी घातली. म्हणाले, त्यानं माझं उरकून टाकलंय, आता जाऊन काय करू."



ओढ्याकाठी अग्नी देण्याआधी थोरल्या मुलाचं मुंडण करायचं असतं. तिथल्या म्हाताऱ्या नाभिकानं अण्णांना दगडावर बसवलं, टोपी काढली अन् हात आवरून उभा राहिला. केस धड नखाएवढेही आले नव्हते. जमलेली माणसं दुसरीकडं बघू लागली. अण्णांनी मान खाली घालून दोन्ही हात जोडले. "फिरव, बाबा," म्हणाले. "नुसता फिरव."

त्यानं पाणी लावलं अन् वस्तरा फिरवला. अण्णा पुढ्यातल्या दगडाकडं बघत होते. बापासाठी त्या दगडावर काही पडलं नाही. तेव्हा अण्णा रडले, लहान पोरासारखे, मोठ्यानं, अन् कुणीही त्यांना गप्प केलं नाही.