पाच गेटपास आणि पेढ्यांचा खोका

संदेश गेल्याची बातमी त्याच्याच खात्यातल्या एकाने फोनवर दिली. अंबरनाथहून बदलापूरला परतताना स्कूटरला डंपरने उडवलं, एवढं सांगून तो थांबला आणि म्हणाला, "पण तो ब्रेकवर होता हां." माणूस मेल्याचं सांगताना हे वाक्य कशाला लागतं? तेव्हा कळलं नाही... आता कळलंय, आणि महिना उलटला तरी डोकं थंड होत नाही.

उल्हासनगरच्या कॉलेजात आम्ही तीन वर्षं एका बाकावर केमिस्ट्री शिकलो. शेवटच्या वर्षी टाय लावलेले एक गृहस्थ करिअर मार्गदर्शनाला आले, स्वप्नं मोठी बघा असं दोन तास सांगून चहा पिऊन गेले. आम्ही टिंगल केली. संदेशने मात्र वहीत आराखडा काढला : पहिल्या वर्षी लॅबमध्ये केमिस्ट, तिसऱ्या वर्षी परमनंट, पाचव्या वर्षी बदलापूर गावातल्या घरावर स्लॅब. अंबरनाथच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून जागा निघाली तेव्हा तो कचरत होता. मीच म्हटलं, "एकदा आत शिर. मग कोण काढतंय?" हे मी बोललो होतो, माझ्या तोंडाने.

सात महिन्यांनी काढलं. तिथल्या भाषेत, ब्रेक दिला. थोडे दिवस घरी बसायचं, मग नवे कागद, नवा गेटपास, नवी रुजू तारीख. म्हणजे माणूस कितीही वर्षं राबला तरी नवाच, आणि नवा माणूस परमनंट कसा होणार? संदेश घरी एवढंच म्हणाला, आई, ब्रेक मिळालाय. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा बघणाऱ्या. तिथे ब्रेक मिळाला की मुलं आनंदाने रडतात. त्यांनी आळीभर पेढे वाटले, आणि याच्याने खरं सांगवेना. घरी बसायचे दिवस तो दर वेळी सुट्टी म्हणून सांगायचा. मीही पेढा खाल्ला, हसू दाबत. त्या हसण्याची आज मला चीड येते.

पाचव्या ब्रेकमध्ये कंपनीतून फोन आला, लॅबमधलं मशीन कुणाला जमत नाहीये, जरा येऊन जा. नाही म्हटलं तर पुढचा पास गेला, म्हणून हा गेला. मशीन लावून दिलं आणि परतताना तो डंपर... आता कंपनी म्हणते, त्या दिवशी गेटच्या रजिस्टरात त्याचं नाव नाही, म्हणजे तो कामावर नव्हताच, भरपाई कसली? ब्रेकवाल्याचं नाव लिहायचंच नाही हा नियम कुणाचा? ठेकेदार म्हणतो, तेव्हा तो माझ्याकडे नव्हताच. अंत्ययात्रेला हार मात्र आला, कंपनीच्या नावाच्या रिबिनीसकट. मी तो उचलून गटाराच्या कडेला ठेवला. निर्लज्ज लोक.

परवा काकूंकडे गेलो. पेढ्यांचा तो खोका त्यांनी टाकलेला नाही. त्यात पाच गेटपास, पाच तारखा, पाचही पासांवर कॉलेजातला तोच एक फोटो. पास मांडून त्या म्हणाल्या, "पाच येला लागला ना कामाला? मंग यातला येक पन त्यांचा नाय? बाला, ब्रेक म्हंजे काय रं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी पास गोळा करून खोक्यात ठेवले, झाकण लावलं.

"मंग मी पेढं कशाचं वाटलं?"

सोमवारी तो खोका घेऊन आम्ही दोघं कंपनीच्या गेटवर जाऊन बसणार आहोत. रजिस्टरात संदेशचं नाव लिहीपर्यंत उठणार नाही.