फाट्यावरची कुसुमाची फांदी

पाहुण्यांसाठी उभारलेल्या आमच्या तंबूंपासून फिरायच्या वाटा तीन. यंदा तिन्ही वाटांची माहिती देणारा फलक लावायचं ठरलं, आणि इथे सगळ्यात जुना वाटाड्या मीच असल्यामुळे मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिली वाट तलावाच्या पाळीने जाते, पाऊण तासाची, वयस्क माणसंही आरामात करतात. तिसरी बांबूच्या बेटांमधून टेकडीवर चढते. या दोन्हींचा मजकूर मी एका बैठकीत लिहिला. दुसऱ्या वाटेचा कागद पंधरा दिवस कोरा राहिला.

दुसरी वाट अशी आहे. तंबूंच्या मागच्या कुंपणातून बाहेर पडायचं, वीस मिनिटं सागाच्या रोपवनाच्या कडेने चालायचं, की बेहड्याच्या मोठ्या झाडाखाली फाटा येतो. उजवी वाट नाल्यात उतरते आणि पलीकडे माळावर निघते. माळ मुरमाड आहे. गुडघाभर वाळलेलं गवत, बोरीची झुडपं, मधूनच एखादं मोहाचं झाड. पाहुण्यांना माळ फार आवडतो. जंगलात ते दबून चालतात, माळावर आले की मोठ्याने बोलायला लागतात. डावी वाट नाला टाळून, लांबचा वळसा घेऊन त्याच माळावर येते. तिच्यावर पाहण्यासारखं काही नाही, नुसता साग.

या वाटा आम्ही पाडलेल्या नाहीत. पलीकडच्या गावच्या बाया मोहाची फुलं वेचायला जातात, त्यांच्या या वाटा. आम्ही त्यांना क्रमांक दिले, इतकंच.

मोहाच्या दिवसांत गावाची एक रीत आहे. उजाडता उजाडता एक माणूस सगळ्यांच्या पुढे जातो. अस्वलालाही मोह लागतो आणि ते माणसाच्या आधी झाडाखाली पोचतं. पुढे गेलेला माणूस माग बघतो, विष्ठा बघतो, आणि ज्या वाटेवर जनावर असेल तिच्या तोंडाशी ताजी फांदी तोडून आडवी ठेवतो. मागून येणारी बाई कितीही घाईत असली तरी ती फांदी ओलांडत नाही. फांदी नसली की वाट मोकळी. याच्यावर कोणी चर्चा करत नाही.

तेव्हा पुढे जाणारा माणूस साठीचा होता. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही. माग ओळखायला मला त्यांनीच शिकवलं. आमच्या पाहुण्यांची त्यांना गंमत वाटायची. "बापू," ते मला म्हणायचे, "तुमचे पाहुने पावलं मोजाचं यंत्र हाताले बांधून चाल्तेत. आमी घरी वापस आलो का समजतो, चालनं झालं."

त्याच गावची एक बाई होती, पस्तिशीची, रोज टोपली घेऊन आमच्या कुंपणामागून जायची. तिला त्या माळावरच्या दोन मोहांचा वाटा होता. चालता चालता टोमणा मारल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. "काय बापू, आज किती लोकायले हिंडवाले नेता? घरी कामं नाई का त्यायले?"

मी म्हणायचो, "बाई, तुम्हीच चला आमच्यासोबत, पाहुण्यांना सांगा काय ते."

"मी चालली तर मंग तुमाले कोन पुसन?"

हे सगळं नऊ वर्षांपूर्वीचं.

त्या दिवशी नागपूरकडचे दहा पाहुणे होते. आदल्या दिवशी मी त्यांना डाव्या वाटेने नेलं होतं आणि ते नाराज होते. फाट्यावर आलो तर उजव्या वाटेवर फांदी आडवी. कुसुमाच्या झाडाची होती. चैताच्या तोंडाशी कुसुमाला नवी पालवी फुटते तशी लालभडक पानं.

मी फांदी पाहिली. तिचा अर्थ मला ठाऊक होता. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलं किंवा बोललो नाही, म्हणून स्वच्छ लिहून टाकतो.

मनात काय आलं तेही सांगतो. भाऊ जरा जास्तच जपतात, असं आलं. दहा माणसं बोलत चालली की जनावर आपणच बाजूला होतं, असं आलं. आणि आज पुन्हा साग दाखवला तर हे लोक पुढच्या वर्षी यायचे नाहीत, असंही आलं. आपण नाला पार करू, मग मी मागे येऊन फांदी परत ठेवीन, असा विचार करून मी ती उचलली. एका पाहुणीने ती माझ्या हातातून घेतली. "किती सुंदर रंग! टेबलावर ठेवू या." मी दिली. दुसरी तोडून ठेवणं दोन मिनिटांचं काम होतं. सगळे उतारावर पुढे निघाले होते. मी त्यांच्या मागे गेलो.

नाल्यात अस्वलाने वारूळ उकरलेलं होतं, माती अजून ओली होती. मी पाहुण्यांना थांबू दिलं नाही. माळावर पोचलो, त्यांनी फोटो काढले, आणि तलावाच्या बाजूने परत आलो. फाटा पुन्हा लागलाच नाही.

ती बाई त्या दिवशी उशिरा निघाली होती; बाकीच्या बाया टेकडीकडच्या मोहांना गेल्या होत्या, फाट्याकडे कोणी आलं नव्हतं. एकटीच. फाट्यावर फांदी नव्हती, म्हणून ती नाल्यात उतरली. दहा माणसांच्या गलबल्याला दडून बसलेलं अस्वल एका माणसाच्या मुक्या पावलांना दडलं नाही.

आम्ही तर्री-पोहे खात होतो. फांदी स्टीलच्या जगमध्ये टेबलाच्या मधोमध ठेवलेली होती. गावातला एक जण धावत कुंपणाशी आला. "गाडी काढा बापू, लवकर! अस्वलानं धरलं तिले!"

गाडी मीच चालवली. कुरखेड्याच्या दवाखान्यात, आणि तिथून पुढे गडचिरोलीला. मागच्या सीटवर तिच्या डोक्याला दुपट्टे गुंडाळले होते. ती ओरडत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, "फांदी नोती ना जी." कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. मी आरशात पाहिलं नाही. ती वाचली. डावा डोळा गेला, अर्धं डोकं शिवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी परत आलो तर पाहुणे गेले होते आणि फांदी जगमध्ये तशीच होती. मी तिचे तीन तुकडे केले आणि चुलीत घातले. स्वयंपाकीण म्हणाली, "ओली काऊन घालता बापू, धूर होते ना."

"मुंग्या लागल्या होत्या," मी म्हणालो.

गावाने भाऊंना विचारलं. ते म्हणाले, ठेवली होती. लोक फाट्यावर जाऊन आले, तिथे काही नव्हतं. मग बोलणी सुरू झाली. "भाऊ, त्या दिशी फुलाची दारू जास्त झालती का?" "डोये तपासून घ्या भाऊ." सुरुवातीला ते भांडले. मग एका संध्याकाळी माझ्याकडे आले. उभ्यानेच विचारलं, "बापू, तू पाहुने घेऊन तिकूनच गेलता ना. फांदी दिसली का तुले?"

मी म्हणालो, "नाही भाऊ. नव्हती."

माझ्या शब्दाला वजन होतं, कारण गाडी मी नेली होती. "मंग नसन ठेवली," भाऊ म्हणाले. "आदल्या दिशीची याद असन मले." आणि गेले. पुढच्या हंगामापासून गावाने दुसरा माणूस नेमला. भाऊ बायांच्या मागून चालू लागले.

मला मात्र मान मिळाला. त्या बाईच्या घरून दर वर्षी चारोळी येते, पळसाच्या पानात बांधलेली. "बापूनं वाचवलं," असा निरोप असतो. मी ती चारोळी घेतो. एकदा खाल्लीही आहे.

फलकाचा कागद कोरा घेऊन मी या चैतात भाऊंकडे गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. आता त्यांना खरोखरच मोतीबिंदू आहे. मी सगळं सांगितलं. जेवढं इथे लिहिलं तेवढं, याच क्रमाने. काही वाटेल अशी माझी अपेक्षा होती. काही वाटलं नाही.

भाऊंनी हसून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुह्या मनात दया आहे बापू. म्हताऱ्याले बरं वाटावं म्हनून म्हनतेस."

"भाऊ, खरं सांगतो."

"नऊ सालानं कोनी खरं सांगते का रे?"

मी उठलो नाही. पुन्हा सांगितलं. त्यांचं हसू हळूहळू गेलं. ते खाटेची दोरी चाचपत राहिले. मग म्हणाले, "असं असन तर मले सांगून का उपेग. तिले सांग. चाल, मी येतो."

ती अंगणात मोह वाळवत होती. मला पाहून पदर डाव्या बाजूने ओढला आणि म्हणाली, "या बापू, बसा. यंदा चारोळी कमीच आहे बा." मी बसलो नाही. उभ्यानेच थोडक्यात सांगितलं. ती फुलं पसरवत राहिली. माझं संपल्यावर तिने भाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कायची होती फांदी?"

भाऊ काही बोलणार, तेवढ्यात तिने हात वर केला. "तुमी नका सांगू."

"कुसुमाची," मी म्हणालो. "लाल पानांची."

तिचा हात फुलांवर थांबला. मग ती भाऊंना म्हणाली, "दवाखान्यात तुमी मले हेच सांगतलं होतं. कुसुमाची ठेवली म्हनून. मी म्हनलं होतं, जा इथून." भाऊ भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी तोंडावर दुपट्टा घेतला. मला तिने शिवी दिली नाही. मी वाट पाहत होतो.

"उद्या पुढं तुमीच जा भाऊ," ती त्यांना म्हणाली. "मी सांगतो गावाले."

"मले दिसत नाई वं आता."

"याले घेऊन जा. याले दिसते." माझ्याकडे न पाहता ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघे फाट्यावर होतो. भाऊ विचारत गेले, मी सांगत गेलो. माग कसा, नखं किती लांब, विष्ठा ताजी की सुकी. जनावर उजव्या वाटेवर होतं. भाऊंनी चाचपून बेहड्याचीच एक खालची फांदी तोडली आणि माझ्या हातात दिली. "ठेव." मी ठेवली.

थोड्या वेळाने बाया आल्या. ती सगळ्यांच्या पुढे होती. फांदीपाशी थांबली, माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं, आणि वाकून फांदी उचलली. ती तिने भाऊंच्या हातात दिली. भाऊंनी पायाने वाटेची कड शोधली आणि फांदी पुन्हा आडवी ठेवली, त्याच जागी.

मग सगळ्या डाव्या वाटेने गेल्या.