पहिल्या नंबरचं ताट

संतुलित आहारावर मी पंचवीस मिनिटं न अडखळता बोलू शकतो. कागद हातात धरावा लागत नाही. प्राथमिक शाळेत मास्तर असल्यामुळे दरवर्षी सप्टेंबरात, पोषणाच्या महिन्यात, आसपासच्या गावांतून मला बोलावणं येतं. मी प्रथिनं सांगतो, लोह सांगतो, हिरव्या पालेभाज्यांचं महत्त्व सांगतो. समोरच्या बायका डोक्यावरचा पदर सारखा करत ऐकतात आणि शेवटी चहा येतो. चहाबरोबर मैद्याची बिस्किटं येतात, तीही मी खातो.

आमचं घर एकोडीत. बाबा, माय, धाकटा भाऊ, मी आणि माझी बायको. दोन वर्षांपूर्वी बायकोचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्या दिवसांबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. त्यामुळे मागच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले तेव्हा सगळे आनंदी कमी आणि घाबरलेले जास्त होते. साकोलीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ. "गोळ्या घ्या, पण गोळ्यांनी पोट भरत नाही. खाणं सुधारा," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांत वर नाही आलं तर भंडाऱ्याला पाठवावं लागेल. या वेळी मी कुठलाही धोका पत्करणार नाही." हे सगळं त्या माझ्याकडे बघत बोलल्या. मी मान डोलावली. हा तर माझाच विषय होता.

मग मी कामाला लागलो. साकोलीच्या बाजारातून पावडरचा मोठा डबा आणला. डब्यावर एक गोरीपान, हसरी बाई होती. सफरचंदं आणली. खजूर आणला. पावडरचा वास आला की बायकोला मळमळायचं. एवढा महाग डबा फुकट जाऊ नये म्हणून ती पावडर मी दुधात घालून प्यायलो. सफरचंदं घरी आलेल्या पाहुण्यांपुढे कापून ठेवली गेली, कारण घरात सफरचंद असताना पाहुण्याला नुसता चहा कसा द्यायचा? खजूर बाबांना आवडला. महिना सरत आला तेव्हा माझी पँट कमरेत दाटू लागली होती. गर्भारपणाचं पोषण आमच्या घरात कुणाला लागत होतं, हे शर्टाच्या बटणांवरून कळत होतं.

खरं म्हणजे बाहेरून काही आणायची गरजच नव्हती. आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, तूर असते, तिची डाळ वर्षभर पुरते. पावसाळा लागला की तरोट्याची कोवळी भाजी उगवते, फुकट, पायाखाली. मग काटवलं, म्हणजे करटुली, येतात. परसात आंबाडी असते. तलावातले मासे आठवड्यातून एकदा दारावर येतात, आणि ते नसले तर सुकवलेले झिंगे डब्यात असतातच. जवसाची चटणी तर आमच्याकडे मिठाच्या बाजूलाच ठेवलेली असते. माझ्या भाषणातल्या सगळ्या वस्तू माझ्याच चुलीवर शिजत होत्या. भाषणात मी फक्त त्यांची पुस्तकी नावं घ्यायचो.

आमच्याकडे आधी बाबा, भाऊ आणि मी बसतो. बायको वाढते. "अजून घ्या जी," म्हणते. आम्ही घेतो. भाजी चांगली झाली असली की पुन्हा घेतो, आणि तिच्या हाताला चव असल्यामुळे भाजी रोजच चांगली होते. कधीतरी मी विचारायचो, "तू?" ती म्हणायची, "मी जेवीन मंग." एवढं विचारलं की माझं मन साफ. तिला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. जेवू नको असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. आमचं घर सुधारलेलं आहे, असं आम्ही चारचौघांत सांगायचो.

सप्टेंबरात गावच्या अंगणवाडीत पौष्टिक ताटांचं प्रदर्शन ठेवलं. परीक्षक म्हणून तालुक्याहून एक मॅडम येणार होत्या आणि प्रमुख वक्ता, अर्थातच, मी. बायकोनं भाग घ्यावा असं मीच सुचवलं. मास्तरच्या घरचं ताट नसेल तर बरं दिसलं नसतं. ती पहाटे उठली. आंबाडीची भाजी, तुरीची डाळ, झिंग्यांची चटणी, काटवलं, धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, हातसडीच्या तांदळाचा भात, जवस, काकडी, ताक. मी मदत केली. काड्यांना रंगीत कागद चिकटवून छोटे झेंडे केले, त्यांवर सुवाच्य अक्षरात 'लोह', 'प्रथिने', 'कॅल्शियम' असं लिहिलं आणि प्रत्येक पदार्थात एकेक खोचला. आंबाडीत 'लोह' खोचताना मला फार बरं वाटलं. मग माशा बसू नयेत म्हणून ताटावर प्लास्टिक ताणून बसवलं, आणि घरातून निघायला उशीर झाला.

माझं भाषण झालं. टाळ्या झाल्या. मॅडमनी सगळ्या ताटांतून चमचा-चमचा चाखलं आणि बायकोच्या ताटाला पहिला नंबर दिला. बक्षीस म्हणून सहा खणांचं स्टीलचं ताट. फोटो काढताना मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, जणू आंबाडी मीच खुडली होती.

मॅडम भल्या होत्या. त्यांनी माईक बायकोच्या पुढे धरला आणि म्हणाल्या, "बाकीच्या बहिणींना सांगा, तुम्ही स्वतः काय खाता? आज सकाळपासून काय काय खाल्लं?"

बायकोला खोटं बोलायची सवय नाही. आणि माईकची तर मुळीच सवय नाही. ती म्हणाली, "चहा पेली."

"आणि काल रात्री?"

"भात. आन् कढईतला रस्सा."

"भाजी नाही खाल्ली?"

"सरली होती जी."

"परवा?"

"परवाबी सरली होती. रोजच सरते."

बायका हसल्या. आधी मला वाटलं, तिला हसल्या. मग लक्षात आलं की त्या तिला हसत नव्हत्याच. एकमेकींकडे बघत होत्या, कारण ते उत्तर तिथल्या प्रत्येकीला पाठ होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी झेंड्यांकडे बघितलं. लाज वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं. कान तापतात आणि हातांचं काय करावं ते सुचत नाही.

घरी येताना मी गाडीवरून मागं न बघता म्हणालो, "आजपासून तू आमच्यासंगं जेवायला बसायचं."

मागून तिचा शांत आवाज आला, "वाढन कोन?"

हा प्रश्न माझ्या पंचवीस मिनिटांत कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळी मी वाढलं. तिला बाबांच्या ओळीत बसवलं. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवून घेतलं, पण जेवले. भाऊ दोनदा भाजी मागून मोकळा झाला. सगळ्यांचं झाल्यावर मी बसलो तेव्हा कढईच्या बुडाशी तेलकट रस्सा उरला होता. मी भातावर तो ओतला आणि कालवायला लागलो. एवढ्यात माय आतून आली आणि माझ्या ताटाकडे बघून ओरडलीच.

"काहून वो, पोराले नुसता भात खाऊ घालून राहिली का? दिवसभर शाळेत बोलबोल बोलते तो! अंडं तरी फोडून दे त्याले!"

लग्नाच्या चार वर्षांत माझ्या बायकोच्या ताटात काय आहे हे त्या घरात कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. माझ्या ताटात काय नाही, हे पहिल्याच दिवशी दोन घासांत दिसलं. मला राग आला. अर्धा राग माझ्यावरचा होता, पण तो मी मायवर काढला. म्हणालो, "ते चार वर्षं हेच खाऊन राहिली, माय. पोटात लेकरू असूनबी हेच."

माय पदरानं हात पुसत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मंग? मी त चाळीस वर्सं तेच खाल्लं."

पण दुसऱ्या दिवसापासून भाजी उतरली की आधी एक मोठा वाडगा भरून माय त्यावर झाकण ठेवू लागली. सुनेचा वाडगा. बाबांनी एकदा झाकण उचललं तर तिनं त्यांना असं काही सुनावलं की ते ताक पिऊन उठले. पावडरचा डबा रिकामा झाला आणि दुसरा आणला नाही. माझी पँट हळूहळू पुन्हा बसू लागली.

महिन्यानं तपासणीला गेलो. बायकोचं हिमोग्लोबिन दहाच्या वर होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच हसून बघितलं, भंडाऱ्याचं नाव काढलं नाही. सुनेसोबत माय आली होती. बाकावर बसून होती, तर बायको म्हणाली, "यांचंबी रक्त पाहा ना बाई. चढावर थकतेत." मायनं "मले काय झालं वो" म्हणत हात मागे घेतला, पण नर्सनं बोट धरून टोचलंच.

सात.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा बघितला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आई रोज काय जेवतात?"

छत्तीस वर्षं मी तिच्याच घरात जेवत आलो होतो. मला सांगता आलं नाही.