घोडीला पेज

थोरल्या भावाच्या घोडीला चावता येत नाही, हे मला जमिनीवरच्या गोळ्यांवरून कळलं. कॉटन ग्रीनला एका गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बांधलेली असे. एका सकाळी गवत घालायला गेलो तर तिच्या पुढ्यात लिंबाएवढे ओले गोळे पडले होते. एक उचलून उलगडला. गवत नुसतं चिरडलेलं, लाळेनं चिकटलेलं. तोंडात घेऊन परत टाकलेलं. चौदा गोळे होते. मी वहीत लिहिलं.

लिहिण्याची सवय नोकरीतली. पंचवीस वर्षं एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. किती आलं, किती गेलं, शिल्लक किती. घोड्यांबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. ते दादाचं काम. लालबागपासून गिरगावपर्यंत लग्नाच्या वरातींना तो घोडी न्यायचा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि घोडी माझ्याकडे आली. करी रोडच्या घरात तो खाटेवर. मी रोज ऑफिसच्या आधी आणि नंतर शेडवर. घोडी विकून टाका, असं सगळे म्हणाले. दादानं मान हलवली, नाही. त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

गोळे दिसायच्या आठवडाभर आधी दादरला एका वरातीत मी लगाम जरा ताणला, तशी तिनं मान अशी झटकली की नवरदेव खोगिरावरून घसरून मेव्हण्याच्या खांद्यावर आला. बँडवाले वाजवायचे थांबून हसले. सोबत आमचा म्हातारा नालबंद होता. घोड्यांच्या खुरांना नाल ठोकतो, दादाचा जुना दोस्त.

"तुझ्यावर दात धरलाय तिनं," तो म्हणाला. "मालक बदललेला आवडला नाय बाईला."

"मग करू काय?"

"गोड बोल तिच्याशी. घरी बोलतोस तसं नको."

मी खरंच गोड बोलू लागलो. गूळही देऊ लागलो. तो दात म्हणाला, मी दात ऐकलं, आणि तिच्या तोंडात मात्र दोघांनीही डोकावून पाहिलं नाही.

गोळे दुसऱ्या दिवशी सतरा झाले, तिसऱ्या दिवशी सोळा. घरी वहिनीला सांगितलं. ती दादासाठी पेज ढवळत होती, त्याला तेव्हा दुसरं काही गिळता येत नसे.

"दाढा दुखत असतील तिच्या," वहिनी म्हणाली. "मुकं जनावर, सांगणार कोणाला? आजाऱ्याला आपण काय देतो, भावजी?"

कोकणातल्या माणसाला याचं उत्तर शोधावं लागत नाही. ताप असो, जुलाब असो, बाळंतीण असो, पेज. वहिनीनं मोठा टोप काढला. दादाचा वाडगा बाजूला काढून उरलेल्या पेजेत कोंडा आणि गूळ घालायचा आणि दोन डब्यांत भरून ती मी शेडवर न्यायची. गवत बंद केलं. दुखऱ्या तोंडाला कशाला ते खरखरीत?

घोडीनं पहिल्याच दिवशी घमेलं चाटून साफ केलं. त्या दिवशी वहीत लिहिलं, गोळे शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. असे त्रेचाळीस दिवस शून्य. दादा खाटेवरून रोज विचारायचा, "खाल्ल्यान?" मी सांगायचो, सगळं. ते खोटं नव्हतं.

त्याच पानावर दुसरा रकाना होता. शिंप्याच्या टेपनं मी दर रविवारी तिच्या छातीचा घेर मोजायचो. सहासष्ट इंच. पासष्ट. त्रेसष्ट. एकसष्ट. ती बरी होईपर्यंत वराती बंद आहेत, काम नाही, म्हणून अंग उतरत असेल, असं मी धरून चाललो. गवतच घातलं नाही तर गोळे पडणार कुठून, हे कंपनीतल्या नव्या पोरानंही विचारलं असतं. मी विचारलं नाही. शून्य आकडा इतका समाधानाचा होता की शेजारच्या आकड्याकडे बघायचं धैर्य झालं नाही.

साठवर आल्यावर तिच्या डोळ्यांवर खळगे पडले आणि तोंडाला कुजका वास येऊ लागला. तुरटीच्या पाण्यानं धुतलं, वास गेला नाही. तेव्हा परळच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना आणलं.

त्यांनी तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबडा उघडा राहावा म्हणून लोखंडी चौकट बसवली, कपाळाला बॅटरी बांधली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मग मला वाकून बघायला लावलं. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या, गाल आतून चिरले होते. खालची शेवटची दाढ आकड्यासारखी वाढून वरच्या हिरडीत घुसली होती. त्या जखमेत भात अडकून सडला होता. आमच्या घरचा भात.

"काय देताय खायला?"

"पेज."

"कसली पेज?"

"तांदळाची. कोंडा आणि गूळ घालून."

त्यांनी मान वर केली तशी बॅटरी माझ्या डोळ्यांवर आली. "आणि गवत?"

"दुखतंय म्हणून बंद केलं."

"अहो, घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर येत राहतात. गवत दळून दळून झिजतात. तरी कडा राहतातच, म्हणून वर्षातून एकदा कानशीनं घासावे लागतात. हिचे कोण घासायचं?"

मला माहीत नव्हतं.

"आधीच एक वर्ष चुकलं असणार. त्यात तुम्ही दळणच बंद केलंत, आणि दुखणं पेजेखाली झाकून टाकलंत. पोटाचीही वाट लागली. घोड्याचं पोट गवतावर चालतं, भातावर नाही."

सव्वा तास त्या दाढा घासत होत्या. पांढरी भुकटी माझ्या बुटांवर पडत होती. घोडी गुंगीत डुलत होती आणि मी तिचं डोकं खांद्यावर तोलून धरलं होतं. ते वजन मला अजून आठवतं.

"दातांचं झालं," शेवटी त्या म्हणाल्या. "आता ती खायला लागेपर्यंत अंगात काही उरतं का, बघू."

त्या संध्याकाळी दादाला सगळं सांगितलं. इतके दिवस त्याला त्रास नको म्हणून सांगितलं नव्हतं. तो छताकडे बघत ऐकत राहिला. त्याची जीभ जड झाली आहे, शब्द एकेक येतात.

"पेज? घोडीक?"

"हो."

"तोंडात हात घातलस?"

"नाही रे दादा."

"माका इचारूचा होता. मी हंय होतंय ना." मग म्हणाला, "जीभ धरून बाजूक करूची. दोन मिन्टांचा काम."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली.

पुढचे दिवस मी रजा काढून शेडवर बसलो. बारीक कापलेलं ओलं गवत तोंडाशी धरायचं. तिला दिवसाला सात किलो हवं. पहिल्या दिवशी दोनशे ग्रॅम गेलं, दुसऱ्या दिवशी साडेतीनशे, पाचव्या दिवशी दीड किलो. घास तोंडात घेऊन ती थांबायची, दुखेल म्हणून वाट बघायची, मग हळूच जबडा फिरवायची. नवव्या दिवशी दोन किलो. घेर सत्तावन्न. मी आकडे खालीवर करून पाहिले, कुठूनही जुळेनात.

अकराव्या दिवशी सकाळी ती आडवी पडली होती. नालबंदानं आणि मी पट्टा घालून तीनदा उचलायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिनं पुढचे पाय रोवले, थरथरली आणि परत बसली. नालबंद तसाच करी रोडला गेला. त्यानंच टॅक्सीतून दादाला आणलं.

दादाला प्लास्टिकच्या खुर्चीवर तिच्या डोक्याशी बसवलं. डाव्या हातानं त्यानं तिची जीभ धरून बाजूला केली आणि बोटं आत घातली. मागच्या दाढेपर्यंत फिरवली. खरंच, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"बरे केल्यानी दात," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई बॅग उघडून उभ्या होत्या. तिला कायमचं झोपवायला कोणीतरी हो म्हणायला हवं होतं. मी दादाकडे बघितलं. घोडी त्याची.

"तू सांग," तो म्हणाला. "खाल्ल्यान किती, उतारली किती, ता तुका म्हायत. माका नाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. आदल्या रात्रीपासून अर्धा किलो, सकाळी काही नाही, पाण्याचा एक घोट. मी आकडे मोठ्यानं सांगितले. मग म्हटलं, "सोडवा तिला."

दादानं हात तिच्या तोंडातून काढला नाही.