सायकलवरचा फोटो

कारंज्याच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी बॅग सायकलच्या कॅरियरवरून उतरवली. रोज मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचे, तशीच ती ट्यूबच्या रबरानं करकचून बांधली होती. धनजचा आमचा भाजीचा मळा ते कारंज्याचा बाजार, यातच त्यांचा जन्म गेला. मी हॉटेलचं काम शिकून इटलीला निघालो होतो. गाडी हलली तसे खिडकीजवळ येऊन म्हणाले, "जाय लेका. पायडल मारून पोट भराचं माह्यासंगच संपू दे."

धनजच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, मी इटलीत काय करतो ते ऐका. सायकल चालवतो. टस्कनीतल्या द्राक्षमळ्यांतून, पर्यटकांच्या पुढे पुढे, त्यांना वाट दाखवत. घरी दोन-दोन मोटारी असलेले हे डॉक्टर, वकील लोक सुटी काढून चढ चढतात, घामाघूम होतात आणि त्याला मौज म्हणतात. दुपारी झाडाखाली टेबल लागतं. चीज, ताजा पाव, लाल वाइन. जेवण संध्याकाळपर्यंत लांबतं. ग्लास नाकाशी नेऊन कुणीतरी "मातीचा वास येतोय" म्हणतं आणि डोळे मिटून घेतं. भाजीवाल्याच्या पोरानं तेव्हा मान डोलवायची असते. मी उत्तम डोलवतो. मला हे काम आवडतं, हेही सांगून टाकतो.

पहिल्याच उन्हाळ्यात हौसेनं घरी फोटो पाठवला. हेल्मेट, तोकडी चड्डी, घामानं निथळणारा मी आणि खाली सायकल. बाबा म्हणे बराच वेळ बघत राहिले. मी फोनवर समजावलं की इथं श्रीमंत लोक मजेसाठी सायकल चालवतात. ते "हो, हो" म्हणाले. बाजारात भाजी उरली की ती वाटेत गाईला घालून ते रिकाम्या कॅरियरनं घरी यायचे आणि आईला सांगायचे, "सगळं खपलं." माझं बोलणंही त्यांनी तसलंच धरलं.

त्याच साली त्यांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. शुगर होतीच. जखम चिघळली, काळी पडली. आई मला कळवणार, तर त्यांनी तिला शपथ घातली, "पोरगं तिकडं जाऊनबी सायकलच मारून राह्यलं. त्याच्या जीवाले कायले घोर लावतं?" व्हिडिओ कॉलवर आई त्यांचा फक्त चेहरा दाखवायची आणि मी त्यांना सूर्यफुलांची शेतं दाखवायचो. अकोल्याला नेलं तोवर उशीर झाला होता. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. मला हे चुलतभावानं नंतर कळवलं. एका फोनचं काम होतं. मी सगळं केलं असतं. पण त्यांच्या लेखी मी फाटका होतो, म्हणून त्यांनी पाय जाऊ दिला. मला त्यांचा भयंकर राग आला. अजून येतो.

घरी पोचलो तेव्हा बाबा बाजेवर बसले होते. जवळ बोलावून त्यांनी आधी माझ्या पोटऱ्या चाचपल्या. "दुखत असतीन ना रे?"

मी ओरडलोच, "बाबा, मौज आहे ती! लोक सुटी काढून करतात!"

"हो रे," ते शांतपणे म्हणाले. "मीबी असंच सांगो, सगळं खपलं."

घर म्हणजे आता माझं सुख जिथं कुणालाच खरं वाटत नाही, अशी जागा. निघताना बाबांनी पायाला चोळायच्या त्यांच्या तेलातलं अर्धं माझ्यासाठी दुसऱ्या बाटलीत ओतलं. मी नको नको म्हणत होतो.

"ने ना," ते म्हणाले. "मले आता अर्धंच लागते."