जुन्या शिवणीची रेघ

टाचणीबाईंकडे गल्लीचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते शाळेच्या व्हरांड्यात. नव्या गणवेशांची मापं घ्यायला त्या आल्या होत्या आणि मुलं त्यांच्यासमोर रांगेने उभी होती. आधीचा शिंपी मापं ओरडून सांगायचा. एखाद्या जाड पोराच्या कमरेचा आकडा त्याच्या तोंडून बाहेर पडला की अख्खी रांग खिदळायची आणि ते पोर मधल्या सुट्टीत डबा उघडायचं नाही. टाचणीबाई कुणाचंच माप मोठ्याने बोलल्या नाहीत. टेप लावायच्या, बघायच्या, टिपून घ्यायच्या आणि खांद्यावर हलकेच थोपटून पोराला पुढे सरकवायच्या. एखादं गुबगुबीत मूल समोर आलं की मात्र भलतंच काहीतरी विचारायच्या.

"तुझ्याकडे मांजर आहे का रे?"

पोरगं मांजराच्या गोष्टीत रंगून जायचं आणि माप कधी झालं ते त्याला कळायचंही नाही.

हे सगळं बोलणं ओठांत टाचण्या धरून. त्यामुळे अर्धे शब्द नाकातून यायचे. मुलांनीच त्यांचं नाव टाचणीबाई पाडलं आणि पुढे ते गल्लीभर झालं. त्यांनी कधी राग मानला नाही. "हाक मारल्यावर वळून बघता आलं की पुरे," म्हणायच्या. नावाने माणसाला काही होतं असं त्यांना वाटतच नव्हतं. म्हणूनच असेल, स्वतःच्या लेकीला त्या पाळण्यापासून ढब्बू म्हणत आल्या. बाळ होतंही तसंच, मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या पडलेलं. बाप ढब्बू म्हणायचा, शेजारी म्हणायचे, शेजारच्या टपरीतला इस्त्रीवाला तर "ढब्बूबाई" असं मानाने म्हणायचा. ती हसून ओ द्यायची. पुढे मोठी झाल्यावरही ओ द्यायची, पण हसायची नाही. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. एक मशीन, कापायचं टेबल, भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा, आणि पडद्यामागे स्वयंपाकघर. लेक त्या टेबलाखाली चिंध्यांशी खेळत वाढली. वर गिऱ्हाइकांचं आणि आईचं बोलणं चालायचं ते तिच्या कानावर पडायचं. कुणाचं तरी लग्न जवळ आलं की ड्रेस आवळायला यायचा आणि वर्षाच्या आत तोच ड्रेस सैल करायला यायचा. "दोन्ही वेळा पोट माझंच भरतं," टाचणीबाई म्हणायच्या. वजन अजिबात वाढलेलं नाही, धुण्यातच कापड आटलं, असं एखादी शपथेवर सांगू लागली की ठरलेलं वाक्य यायचं:

"काटा खोटं बोलेल, माणूस बोलेल. कापड खोटं बोलत नाही."

गिऱ्हाईक ओशाळं हसायचं. टेबलाखालची पोर ते ऐकत असायची.

शिक्षण संपल्यावर लेकीला तयार कपड्यांच्या मोठ्या शोरूममध्ये नोकरी लागली. काचेची दारं, गार हवा, दिवसभर संगीत. तिथल्या मुलींनी दुकानातलेच कपडे घालून उभं राहायचं आणि रोज एकमेकींचे फोटो काढून फोनवर टाकायचे असा नियम होता. गिऱ्हाइकांना कपडा अंगावर दिसला पाहिजे म्हणे.

"म्हणजे तुम्ही चालते-बोलते पुतळेच की," बाप म्हणाला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर शाफ्टच्या अंधारात काम करायचा आणि घरी आला की बडबड करायचा. "पुतळ्याला निदान जेवायची भानगड नसते."

तो विनोद होता. बाप पुढे कितीतरी दिवस ते वाक्य आठवून मान खाली घालायचा.

पहिल्यांदा तिने जेवण कमी केलं तेव्हा घरात सगळ्यांना बरंच वाटलं. सकाळी उठून पळायला जायची, फोनवरच्या कुठल्या बाईचं ऐकून लिंबूपाणी प्यायची. "तब्येतीकडे बघतेय," म्हणायची. तब्येतीकडे बघणाऱ्या मुलीला नाही कोण म्हणणार? चेहरा तरतरीत झाला. शेजारणी थांबवून विचारायच्या, काय करतेस गं, आम्हालाही सांग. फोनवर फोटोखाली अनोळखी माणसं कौतुक लिहायची. टाचणीबाईंनी तिची गडद निळी पॅन्ट आवळून दिली. ती त्यांनीच शिवलेली होती. मग आणखी आवळली. तिसऱ्यांदा आवळताना त्यांना अभिमान वाटत होता, हे त्यांनी नंतर कधी लपवलं नाही.

चौथ्यांदा पॅन्टला टाचण्या लावायला लेक आरशासमोर उभी राहिली. टाचणीबाईंनी कमरेला हात लावला आणि हाताला हाड लागलं. इतकी वर्षं माणसांच्या अंगाला हात लावून काढलेली, त्या हाताला काय लागलंय ते कळायला वेळ लागला नाही. ओठांतल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या. त्या वेचायला म्हणून त्या खाली बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

"आई, काय झालं?"

"काही नाही. टाचण्या शोधतेय. पायात जातील तुझ्या."

पुढे ती शोरूममध्ये चक्कर येऊन पडली. डॉक्टर झाले, मग मन समजून घेणाऱ्या एक बाई झाल्या. त्यांनी समजावून सांगितलं: हा आजार आहे, हट्ट नाही, वेळ लागेल. दिसण्याबद्दल बोलू नका, चांगलंही नको, वाईटही नको. ढब्बू म्हणू नका. सोबत बसून जेवा. मुलीला नियमित पाठवा. लेक दोनदा गेली आणि मग कामाची वेळ जुळत नाही म्हणून थांबली. आई-बाप विनवून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

ढब्बू म्हणायचं नाही म्हटल्यावर घरात एक अडचणच होऊन बसली. तिचं खरं नाव कागदोपत्री होतं, पण जिभेला त्याची सवय नव्हती. बाप ते नाव घ्यायचा तेव्हा दुसऱ्याच कुणाला तरी बोलावल्यासारखं वाटायचं. टाचणीबाई नुसतं "अगं" म्हणू लागल्या.

लेकीने घरातला वजनकाटा केव्हाच माळ्यावर टाकला होता. पाणी प्यायलं तरी तो वाढतो, असं तिचं म्हणणं. तिचा विश्वास त्या निळ्या पॅन्टवर. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती दुकानातल्या आरशासमोर पॅन्ट चढवायची, हूक लावायची आणि कमरेत बोट घालून बघायची. बोट सहज गेलं तर त्या आठवड्यात थोडा भात, एखादं उकडलेलं अंडं. अडकलं तर पुढचे दिवस नुसतं पाणी आणि काकडी.

"अगं, त्या एका कपड्यावर काय ठरवतेस?"

"तूच म्हणतेस ना, कापड खोटं बोलत नाही."

टाचणीबाई मशीनवर जाऊन बसल्या. मशीन चालवता चालवता त्या वाक्याने त्यांचा पिच्छा सोडला नाही, आणि त्यातूनच ती कल्पना सुचली. पॅन्ट आवळताना आत दुमडलेलं कापड त्यांनी कापलं नव्हतं. चांगला शिंपी कापतच नाही, उद्याचं कुणी सांगावं. लेक कामावर गेल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंची शिवण उसवली आणि सुताएवढी बाहेर घेऊन पुन्हा घातली. जुन्या शिवणीची भोकं नखाने मिटवली. ओलं फडकं टाकून स्वतः इस्त्री फिरवली. पॅन्ट होती तशी घडी घालून कपाटात.

सुट्टीच्या दिवशी बोट सहज गेलं. लेकीने त्या दिवशी भात खाल्ला.

मग तो परिपाठच झाला. ती थोडं जास्त खायची, अंगाला लागायचं, आणि आई आठवड्याला सूतभर शिवण सरकवायची. कधीतरी बोटाला किंचित अडकेल एवढं मुद्दाम ठेवायची, म्हणजे संशय यायला नको. बापाला एक दिवस सांगितलं तेव्हा तो डोकं खाजवत राहिला.

"अहो, बोला की काहीतरी."

"लिफ्ट बिघडली तर मी लिफ्ट दुरुस्त करतो. तू मजला दाखवणारा काटाच सरकवतेयस."

"पोर जेवतेय की नाही?"

"जेवतेय."

"मग झालं."

आणि पोर खरंच जेवत होती. केळं खायची, दूध प्यायची. केस गळायचे थांबले. कितीतरी महिने थांबलेली पाळी परत सुरू झाली. त्या दिवशी टाचणीबाई स्वयंपाकघरात पडद्यामागे एकट्याच रडून आल्या आणि आल्या आल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "कांदा चिरत होते." एकदा रात्रीच्या जेवणाला तिघं हसलेसुद्धा. बाप कुठल्या तरी बंद पडलेल्या लिफ्टमधल्या बाईची नक्कल करत होता. लेकीने हसता हसता ताटात परत भात वाढून घेतला. कुणी तिच्या ताटाकडे बघितलं नाही, म्हणजे न बघायचा प्रयत्न केला. त्या दिवसांत टाचणीबाईंना वाटायचं, अशीच सावकाश शिवण सरकत राहील आणि एक दिवस पोर पॅन्ट विसरून जाईल.

मग त्यांना ताप आला. साधाच, पण अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. नेमकी त्याच आठवड्यात त्यांनी शिवण सरकवली होती आणि इस्त्री राहिली होती. पॅन्ट चुरगळलेली दिसली म्हणून लेक ती घेऊन शेजारच्या टपरीत गेली. आईला कशाला उठवायचं, एवढाच विचार.

इस्त्रीवाला भला माणूस. त्याने कापड पसरलं, इस्त्री फिरवली आणि मान वाकडी करून बघितलं.

"ढब्बूबाई, तुमच्या आईचा हात म्हणजे हात. बघा, एक, दोन, तीन... किती वेळा सैल केलीये, पण बाहेरून पत्ता नाही. इस्त्रीखालीच तेवढी जुनी शिवण दिसते."

गडद निळ्या कापडावर जुन्या शिवणींच्या रेघा एकीशेजारी एक उमटल्या होत्या. आत दुमडलेल्या कापडाला ऊन लागत नाही, त्याचा रंग उडत नाही. प्रत्येक रेघेबाहेर एक न विटलेला पट्टा.

लेक घरी आली. ओरडली नाही. अंथरुणावर आईच्या पायाशी पॅन्ट ठेवली आणि उभी राहिली.

"तू जेवायला लागलीस म्हणून गं," टाचणीबाई म्हणाल्या. सबब सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"कापड खोटं बोलत नाही म्हणायचीस."

"कापड नाही बोललं. मी बोलले."

"कधीपासून?"

टाचणीबाईंनी सांगितलं. लेक मनातल्या मनात काहीतरी मोजत होती, ते तिच्या ओठांवरून दिसत होतं. जेवलेलं प्रत्येक ताट ती परत मोजत असावी.

"बरी होत होतीस गं. पाळी आली, केस बघ..."

"मला वाटत होतं मी जेवूनसुद्धा तेवढीच राहतेय. मला वाटलं, जमतंय मला." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "एवढंच एक जमतंय असं वाटलं होतं."

टाचणीबाई उठून बसायला गेल्या. ती मागे सरकली.

संध्याकाळी बापाने गरम सूप करून तिच्यासमोर ठेवलं. तिने वाटीत चमचा फिरवून बघितलं, पृष्ठभागावर तेल तरंगतंय का ते.

"मी केलंय, बाळा. आईने नाही."

"तुम्हालाही माहीत होतं."

सूप गार झालं. त्या दिवसापासून तिने घरात शिजलेलं काही तोंडात घातलं नाही. कपड्यात फसवलंत, भांड्यात काय घालत असाल ते कुणाला ठाऊक, असं ती म्हणाली. टाचणीबाई तिच्या देखत तांदूळ धुवायच्या, तिच्या देखत आधी स्वतः घास घ्यायच्या. उपयोग झाला नाही. हिवाळा संपायच्या आत लेक इस्पितळात होती, नाकातून नळी घातलेली. समजावणाऱ्या बाई तिथे येऊन टाचणीबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, यात तुमचा दोष नाही, आजार असाच असतो, तुम्ही प्रेमापोटी केलंत. टाचणीबाईंनी मान हलवली. त्यांना ते सगळं पटलं आणि त्याने काहीही बदललं नाही.

इस्त्रीवाला कितीदा तरी दारात येऊन उभा राहिला. "ताई, मला काय माहीत, मी तर तुमचं कौतुक करत होतो." त्यांनीच त्याला धीर दिला. "तू रेघ दाखवलीस. पाडली मीच."

इस्पितळातून सुटल्यावर लेक घरी आली नाही. शोरूममधल्या दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहिली. अजून तिथेच राहते. मधून मधून परत दाखल करावी लागते, मग थोडी सावरते, मग पुन्हा तेच. शोरूमवाल्यांनी तिला मागच्या गोदामात, कपड्यांच्या घड्या घालायचं काम दिलंय. फोटोत ती नसते आता. सुट्टीच्या दिवशी तिचा फोन येतो. जेवलीस का, हे विचारायचं नाही असं ठरलेलं आहे. मग बाप कुठल्या लिफ्टची दोरी तुटली ते सांगतो, ती खोलीत पंखा आवाज करतो म्हणून सांगते, टाचणीबाई "अगं" म्हणून सुरू करतात आणि हवेबद्दल बोलतात. फोन ठेवल्यावर दोघं जेवायला बसतात. वाढून झालं तरी बराच वेळ कुणी घास घेत नाही.

निळी पॅन्ट कपाटात आहे. त्यांनी ती टाकली नाही आणि पुन्हा शिवलीही नाही. आरसा भिंतीवर होता तिथे आता पांढरा चौकोन दिसतो.

परवा एक तरुण मुलगी ड्रेस घेऊन दुकानात आली. लग्न ठरलं होतं, बाजू आवळून हवी होती. टाचणीबाईंनी कापड हातात घेऊन बघितलं, चांगलं आहे म्हणाल्या, आणि परत दिलं. रस्त्याच्या पलीकडच्या शिंप्याकडे जा, तो नीट करेल. मुलीने विचारलं, मग तुम्ही काय शिवता?

सध्या टाचणीबाई पडदे शिवतात, आणि उशांचे अभ्रे.